साडेचार चटयांची खोली

टोकियो पाहून आलेल्या माणसाला लोक ठरावीक प्रश्न विचारतात. असाकुसाचे देऊळ पाहिले का, शिबुयाचा तो गर्दीचा चौक ओलांडला का, बुलेट ट्रेनमध्ये बसलात का. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भाचीकडे पंधरा दिवस राहून मी परतले, तेव्हा मलाही हेच विचारले गेले. त्याची उत्तरे देऊन झाली की मी मिनामी-नागासाकीविषयी बोलू लागे आणि समोरचा हमखास गोंधळून जाई. "म्हणजे अणुबाँब पडला ते गाव?" नव्हे. ते नागासाकी शहर टोकियोपासून फार दूर, क्यूशू बेटावर आहे. मी म्हणते ते नागासाकी ही टोकियोच्याच तोशिमा विभागातली एक साधी वस्ती. 'मिनामी' म्हणजे दक्षिण. वस्तीत मोठे देऊळ नाही, मनोरा नाही, बाजारपेठही बेताची. लांबून मुद्दाम यावे असे तिथे एक घर आहे, आणि तेही मूळचे नव्हे, २०२० साली बांधलेली त्याची प्रतिकृती आहे.

या घराची गोडी मला एका चित्रपटाने लावली. 'टोकिवा-सो नो सेइशुन' हे त्याचे जपानी नाव, म्हणजे 'टोकिवा-सोमधले तारुण्य'. इंग्रजीत तो 'टोकिवा : द मांगा अपार्टमेंट' या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक इचिकावा जुन, साल १९९६. (जपानी रिवाजाप्रमाणे आडनाव आधी लिहिते आहे.) भाचीने एका रात्री तो मला दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघी ते घर पाहायला निघालो.

चित्रपट आहे चित्रकथा काढू पाहणाऱ्या तरुण पोरांचा. जपानीत चित्रकथांना 'मांगा' म्हणतात आणि तो आता तिथला प्रचंड मोठा उद्योग आहे. पण १९५० च्या सुमारास त्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. मुलांच्या मासिकातली चित्रे काढून पोट भरणार कसे, असे घरोघरचे आईवडील विचारत. अशा काळात खेड्यापाड्यांतून, छोट्या शहरांतून काही मुले टोकियोला आली आणि एका लाकडी चाळवजा इमारतीच्या वरच्या मजल्यावर एकमेकांच्या शेजारी राहिली. पुढे त्यांतल्या कित्येकांची नावे जपानच्या घराघरांत पोचली. त्यांतली दोन नावे तर आपल्याही घरांत पोचली आहेत, फक्त आपल्याला ती नावे म्हणून ठाऊक नाहीत.

२००५ पासून हंगामा वाहिनीवर हिंदी बोलणारा डोरेमॉन आला. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत आई कन्नड बोलते, आजी मराठी, शाळा इंग्रजी आणि हिंदी मात्र मुलांनी नोबिता आणि शिझुकाकडून उचलली. ती मुले आज माझ्या वर्गात बसतात. हा डोरेमॉन ज्यांनी निर्माण केला त्यांचे नाव फुजिको फुजिओ. हे एका माणसाचे नाव नव्हे. फुजिमोतो हिरोशी आणि आबिको मोतोओ या दोन शाळूसोबत्यांनी आपापल्या नावांचे तुकडे जोडून घेतलेले ते सामायिक टोपणनाव. पुढे डोरेमॉन हे मुख्यतः फुजिमोतोंचे काम झाले, तर आपल्याकडची मुले पाहतात तो 'निंजा हातोरी' आबिकोंचा. त्या निंजाचे २०१२ नंतरचे नवे भाग जपानी आणि भारतीय कंपन्यांनी मिळून तयार केले. हे दोघे मित्र टोकिवा-सोमध्ये १९५४ ते १९६१ अशी सात वर्षे राहिले.

भाची राहते निशी-कासाईला, टोकियोच्या पूर्व टोकाला. तिथे भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. तिथून निघून, मध्ये गाड्या बदलत, ओएदो नावाच्या भुयारी रेल्वेने आम्ही ओचिआई-मिनामी-नागासाकी स्टेशनवर उतरलो. पत्र्यावरच्या नावातच स्टेशनची लांबी कळते. बाहेर आलो तर टोकियो कुठे गेले असे वाटावे इतके शांत. अरुंद रस्ते, दुमजली घरे, दारापुढे झाडांच्या कुंड्या आणि सायकलवरून भाजी घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका. पाचसात मिनिटे चालले की एक छोटे उद्यान लागते, हानासाकी पार्क. त्याच्या कडेला ते घर उभे आहे. बाहेरून पाहिले तर कोणी म्हणेल, ही जुनाट इमारत पाडायची राहून गेली वाटते. तसे वाटावे म्हणूनच ती तशी बांधली आहे.

मूळ टोकिवा-सो तिथून जवळच होते. डिसेंबर १९५२ मध्ये ते बांधून झाले. 'टोकिवा' म्हणजे सदाहरित, कधी न सुकणारे. 'सो' म्हणजे निवास. नाव असे भारदस्त असले तरी इमारत अगदी सामान्य होती. वरच्या मजल्यावर मधून एक बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. एकेक खोली साडेचार तातामींची. तातामी म्हणजे जपानी घरात जमिनीवर बसवतात ती जाड चटई. जपानी लोक खोलीचे माप या चटयांत सांगतात. साडेचार चटया म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद. भाडे महिना तीन हजार येन. स्वयंपाकघर सर्वांत मिळून एक, संडासही सामायिक. न्हाणीघर नव्हतेच, अंघोळीला सार्वजनिक स्नानगृहात जायचे. त्याचेही पैसे नसले की पोरे उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या मोरीत बसून अंघोळ उरकत, अशी आठवण तिथे राहिलेल्यांनी सांगितली आहे.

या घरात चित्रकारांपैकी पहिला आला तो तेझुका ओसामु, १९५३ च्या सुरुवातीला. जपानी चित्रकथेचा हा मूळपुरुष. आपल्याकडच्या वाचकांना तो गौतम बुद्धाच्या चरित्रावरील त्याच्या मोठ्या चित्रकथेमुळे माहीत असेल. तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता, पण देशभरातली मुले त्याच्या चित्रांवर जीव टाकत. 'मांगा शोनेन' या मासिकात त्याची सिंहाच्या छाव्याची कथा चालू होती. या मासिकाची एक गंमत सांगायला हवी. १९४७ अखेरीस कातो केनइची नावाच्या जुन्या संपादकाने ते सुरू केले. त्यात वाचकांनी पाठवलेल्या चित्रकथांना जागा असे. तपासून, निवडून त्या छापल्या जात. उत्तरेकडच्या मियागीतला एखादा शाळकरी मुलगा आणि समुद्राकाठच्या तोयामातला दुसरा, यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नसे. पण महिन्याच्या अंकात दोघांची नावे एकाच पानावर येत आणि ते एकमेकांना ओळखू लागत. टोकिवा-सोमध्ये जमलेली बहुतेक मंडळी अशी एका मासिकाच्या पानावर आधी भेटली होती. एक छोटे मासिक काय करू शकते, याचा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही. मासिक फार टिकले नाही, १९५५ मध्ये बंद पडले. पण तोवर त्याचे काम झाले होते.

ऑक्टोबर १९५४ मध्ये तेझुका दुसरीकडे राहायला गेला. जाताना चौदा नंबरची आपली खोली त्याने फुजिमोतो आणि आबिको या दोघांना दिली. अनामत रकमेचे तीस हजार येन त्या दोघांपाशी नव्हते. तेझुकाने आपली अनामत तशीच ठेवली आणि स्वतःचे लिहिण्याचे मेजही मागे ठेवले. पोरांनी ती रक्कम पुढे फेडली.

आता चित्रपटाकडे वळते. एवढी मोठी नावे हाताशी असताना दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने तेझुकाला नायक केले असते, नाही तर डोरेमॉनच्या निर्मात्यांना. इचिकावाने नायक म्हणून निवडला तेरादा हिरोओ. जपानबाहेर हे नाव कोणी ऐकलेले नाही. जपानमध्येही आजच्या मुलांना ते माहीत असेल असे नाही. त्याची भूमिका केली आहे मोतोकी मासाहिरो याने. ज्यांनी 'डिपार्चर्स' हा ऑस्कर मिळालेला जपानी चित्रपट पाहिला असेल, त्यांना हा नट आठवेल.

तेरादा नीगाता प्रांतातला. टेलिफोन खात्यात नोकरी आणि तिथल्या संघातून बेसबॉल. ते सोडून तो १९५३ च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला टोकिवा-सोमध्ये राहायला आला. वय बावीस. पुढे आलेली पोरे त्याच्याहून दोन-चार, फार तर सात-आठ वर्षांनी लहान. पण सगळे त्याला 'तेरा-सान' म्हणत आणि मोठ्या भावासारखा मान देत. आपल्याकडे अशा माणसाला 'अण्णा' म्हणतात. बेळगावच्या मराठी घरात म्हणा की कन्नड घरात म्हणा, अण्णा म्हटले की अर्थ सांगावा लागत नाही. तेरादा हा त्या घराचा अण्णा होता.

अण्णाची कामे कोणती? नवे कोणी राहायला येणार असेल तर त्याची पारख करायची. मनापासून चांगली चित्रकथा काढायची इच्छा आहे का, इतरांशी जमवून घेईल का, कोणाचे काम अडले तर हात देण्याइतके कसब आहे का, हे पाहिले जाई. मग भाड्याला कमी पडले तर उसने द्यायचे. संध्याकाळी सगळ्यांना आपल्या खोलीत जमवायचे. कोबी परतून खायला करायचा आणि शोचू या स्वस्त जपानी दारूत गोड सोडा मिसळून सर्वांना वाढायचे. या मिश्रणाला त्यांनी 'चूदा' असे नाव ठेवले होते. या बैठकांतून 'शिन मांगा-तो', म्हणजे 'नवा चित्रकथा पक्ष' उभा राहिला. राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता. मुलांना चांगले वाचायला द्यायचे, एवढाच त्याचा जाहीरनामा म्हणता येईल.

या अण्णाची एक गोष्ट जपानमध्ये अनेकदा सांगितली जाते. अकात्सुका फुजिओ नावाचा एक पोरगा १९५६ मध्ये तिथे राहायला आला. त्याचे काही केल्या जमेना. बरोबरीचा इशिनोमोरी शोतारो भराभर पुढे जात होता आणि हा त्याचे जेवण करून देत होता, कामात मदत करत होता. एकदा आपली कथा त्याने तेरादाला दाखवली. तेरादा म्हणाला, यात तू फार कोंबले आहेस, एवढ्यात पाच कथा होतील. पुढे अकात्सुकाने चित्रकला सोडून कुठे तरी राहून-जेवून नोकरी धरायचे ठरवले आणि ते सांगायला तो तेरादाकडे गेला. तेरादाने पन्नास हजार येन काढून त्याच्या हातात ठेवले. हे संपेपर्यंत इथेच राहा, म्हणाला. तीन हजार भाड्याच्या हिशेबाने सोळा महिन्यांहून अधिक भाडे झाले ते. १९५८ मध्ये एका मासिकात ऐनवेळी जागा रिकामी पडली आणि अकात्सुकाला विनोदी कथा काढायची संधी मिळाली. ती चालली. पुढे हाच अकात्सुका जपानी विनोदी चित्रकथेचा राजा म्हणून ओळखला गेला.

डोरेमॉनवाल्या दोघांचीही फजिती याच घरातली. १९५५ च्या नववर्षाला दोघे गावी तोयामाला गेले. अंगावर झेपणार नाही इतके काम घेतलेले होते. घरच्या उबेत हात चालेना, मुदती टळल्या, संपादकांच्या तारांवर तारा आल्या आणि शेवटी 'आता पाठवू नका' अशाही आल्या. टोकियोला परत यावे की येऊ नये असा प्रश्न पडला. ते आले. पुढे बराच काळ त्यांना कोणी काम देईना. मुलांना डोरेमॉनचा नोबिता आवडतो तो गृहपाठ न करता शाळेत जातो म्हणून. त्याच्या निर्मात्यांनी मुदत चुकण्याची धास्ती स्वतः अनुभवली होती, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

त्या घरात मुली नव्हत्या असे नाही. इशिनोमोरीची थोरली बहीण योशिए भावाबरोबर येऊन राहिली होती. तिला दम्याचा त्रास होता. भावाच्या चित्रांवर तिचा विश्वास होता. १९५८ मध्ये ती ऐन तरुणपणी वारली. त्याच वर्षी दूरच्या शिमोनोसेकीहून मिझुनो हिदेको आली. शाळा संपल्यावर ती मासेमारीची जाळी तयार करणाऱ्या कारखान्यात काम करत होती आणि रात्री चित्रे काढत होती. तेव्हा मुलींच्या मासिकांतल्या चित्रकथाही बहुतेक पुरुषच काढत. अठरा-एकोणीस वर्षांची ही मुलगी पुरुषांच्या त्या चाळीत काही महिने राहिली, इशिनोमोरी आणि अकात्सुका यांच्याबरोबर एका टोपणनावाने तिने कथा केल्या आणि पुढे मुलींसाठी चित्रकथा काढणाऱ्या स्त्रियांची ती आघाडीची चित्रकार ठरली. प्रतिकृतीच्या त्या बोळात उभी असताना मला सर्वांत जास्त तिची आठवण झाली. घरून एवढ्या लांब, अशा घरात राहायला मुलीला पाठवणाऱ्या माणसांचेही कौतुक वाटले.

प्रतिकृतीत शिरताना बूट काढावे लागतात. मग लाकडी जिना. पायऱ्या चढताना करकरतात. त्या मुद्दाम करकरतील अशा केल्या आहेत, असे भाचीने सांगितले तेव्हा मला हसू आले. वर गेल्यावर मात्र हसू ओसरले. सामायिक स्वयंपाकघरातली शेगडी, भांडी, भिंतीवरचे तेलकट डाग, सगळे नव्याने केलेले, पण इतके बारकाईने की वास तेवढा यायचा राहिला. मूळ इमारत १९८२ मध्ये पाडली गेली होती. पाडण्याआधी तेझुकाने आपल्या जुन्या खोलीच्या छताच्या फळीवर स्वतःचे आणि आपल्या एका नायिकेचे चित्र काढून ठेवले. पुढे फोटो आणि राहिलेल्यांच्या आठवणी यांच्या आधारे हे घर पुन्हा उभे केले. मार्च २०२० मध्ये ते उघडायचे होते, पण कोरोनामुळे ७ जुलै उजाडला. त्याआधी वस्तीतल्या लोकांनी आणि विभागाने बरेच काही केले होते. उद्यानात २००९ मध्ये स्मारक उभारले, मूळ जागी २०१२ मध्ये इमारतीचे छोटे शिल्प ठेवले. पोरे जिथे नूडल्स खात ते 'मात्सुबा' नावाचे छोटे हॉटेल गल्लीत टिकून राहिले आणि या घराच्या ओढीने येणाऱ्यांचेही ठिकाण बनले. डोरेमॉनच्या गल्लीत सतत नूडल्स खाताना दिसणारा कुरळ्या केसांचा, चष्मेवाला माणूस आठवतो? तो याच घरात राहणाऱ्या सुझुकी शिनइची या चित्रकारावरून घेतलेला आहे.

एका खोलीच्या दारात मी बराच वेळ उभी राहिले. बसके मेज, शाईची दौत, टाक, एक उशी. एवढ्यात खोली भरते. अशा खोलीत दोघे राहत आणि त्यात तिसरा चौथा येऊन बसे. भाची म्हणाली, "मावशी, इतक्या जवळ राहिल्यावर भांडणे झाली नसतील?" झाली असतीलच. पण चित्रपटात भांडणापेक्षा दुसरीच गोष्ट दिसते. कॅमेरा फारसा हलत नाही. माणसे खोलीत येतात, बसतात, निघून जातात. मोठमोठ्याने कोणी बोलत नाही. कोणाला यश मिळाले हे पाहणाऱ्याला हळूच कळते, आणि कोणाला मिळाले नाही हेही. मोरियासु नाओया नावाचा एक मित्र होता. हात चांगला, पण काम सावकाश. त्याच्या वाट्याला नाव आले नाही. बाकीचे पुढे जातात, तो मागे राहतो. तेरादाचेही काहीसे तसेच होते, पण त्याची गोष्ट वेगळी आहे.

तेरादाला यश मिळाले नाही असे नाही. त्याच्या बेसबॉलच्या कथा मुलांना आवडत. १७ मार्च १९५९ रोजी जपानमध्ये मुलांची दोन साप्ताहिके एकाच दिवशी सुरू झाली. त्यांतल्या 'शोनेन संडे'च्या पहिल्या अंकात तेझुका, फुजिको फुजिओ आणि तेरादा अशी टोकिवा-सोची तीनही नावे होती. तेरादाच्या कथेत जपानी लोककथेतला बलवान बालक किंतारो बेसबॉल खेळायला उतरतो. चित्रे स्वच्छ, माणसे सरळ, हसू निर्मळ. पण साप्ताहिके आली तशी घाई आली, चढाओढ आली. मोठ्यांसाठीच्या गंभीर, रक्तपाताच्या चित्रकथांचा प्रभाव मुलांच्या मासिकांवर पडू लागला. अधिक थरार हवा, अधिक मारामारी हवी, असे संपादक सांगू लागले. तेरादाला ते पटत नव्हते. मुलांच्या हातात काय द्यायचे याविषयीचे त्याचे मत पक्के होते आणि ते त्याने बदलले नाही. १९५७ मध्ये लग्न करून तो टोकिवा-सो सोडून गेला. १९७३ मध्ये त्याने चित्रकथा काढणेच थांबवले. नंतर बराच काळ खपून त्याने ज्या मासिकाने या सगळ्यांना एकत्र आणले त्या 'मांगा शोनेन'चा इतिहास लिहून १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःविषयी लिहायचे सोडून त्याने संपादकाचे ऋण फेडले.

तेरादा बरोबर होता का? यावर भाचीचा आणि माझा परतीच्या गाडीत वाद झाला. ती संगणकाच्या क्षेत्रात काम करते. तिचे म्हणणे, काळ बदलतो तसे बदलायला हवे. इशिनोमोरीने बदल पचवले, लाखाहून अधिक पाने काढली आणि सर्वाधिक चित्रकथा काढणारा म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. फुजिको बदलले म्हणून डोरेमॉन आला. हट्ट धरून बसलेल्याचे नाव कोण लक्षात ठेवतो? तिचे म्हणणे खोटे नाही. बदललेल्या सर्वांनी वाईट काढले असेही नाही. डोरेमॉन पाहून कोणाचे मूल बिघडले असे मला वाटत नाही.

तरी मला दुसरी बाजू दिसते. जो माणूस दुसऱ्याच्या कथेत काय जास्त झाले हे सांगू शकतो, जो आपल्या कमाईतले पन्नास हजार येन काढून देऊ शकतो, त्याचा एक कणा असतो. तो कणा मोडून त्याने बाजाराला हवे ते काढले असते, तर कदाचित पैसा मिळाला असता. पण मग तो त्या घराचा अण्णा राहिला असता का? पोरे त्याच्या खोलीत जमत ती चूदा प्यायला तर खरीच, पण चांगले म्हणजे काय हे ठामपणे सांगणारा एक माणूस तिथे बसलेला असे, म्हणूनही. ज्यांनी नंतर त्याच्या मताविरुद्ध चित्रे काढली, त्यांनाही त्या मताचा उपयोग झाला असणार. बदलायचे तर कशापासून बदलतो आहोत हे ठाऊक असावे लागते.

याची किंमत त्याने मोजली. १९९० च्या जूनमध्ये समुद्रकाठच्या चिगासाकी गावातल्या आपल्या घरी त्याने टोकिवा-सोच्या जुन्या मित्रांना बोलावले. तेझुका आदल्याच वर्षी गेला होता. उरलेले आले, जेवले, गप्पा झाल्या. नंतर तेरादाने लोकांत मिसळणे जवळजवळ सोडले. सप्टेंबर १९९२ मध्ये तो गेला. चित्रपट आला त्यानंतर चार वर्षांनी, आणि त्याच वर्षी फुजिमोतोही गेला. मग इशिनोमोरी १९९८ मध्ये, अकात्सुका २००८ मध्ये, आबिको २०२२ मध्ये. दिग्दर्शक इचिकावाही २००८ मध्ये वारला. २०२१ मध्ये चित्रपटाची नवी, स्वच्छ केलेली प्रत जपानमध्ये पुन्हा दाखवली गेली.

आपल्या भागातल्या घरांत चित्र काढणारी, गाणारी, लिहिणारी मुले कमी नाहीत. वहीच्या मागच्या पानावर डोरेमॉन काढणारे मूल दिसले की आपण दोनच गोष्टी करतो. एकतर अभ्यास कर म्हणून रागावतो, नाहीतर स्पर्धेला बसवून बक्षिसाची वाट पाहतो. टोकिवा-सोच्या पोरांना यांतले काहीच मिळाले नव्हते. त्यांना मिळाले होते वाचकांची चित्रे छापणारे एक मासिक, नऊ फुटांची एक खोली, आपल्यासारखेच वेड असलेले शेजारी आणि एक अण्णा. मासिक आणि खोली पैशाने उभी करता येते. शेजारी नशिबाने मिळतात. अण्णा मात्र कोणीतरी व्हावे लागते, आणि ते होताना आपले नाव मागे राहील याची तयारी ठेवावी लागते.

टोकियोला जाणाऱ्यांनी असाकुसाला जरूर जावे. एक सकाळ मात्र मिनामी-नागासाकीसाठी ठेवावी. जाण्याआधी चित्रपट पाहून घ्यावा, आणि वरच्या मजल्यावर गेल्यावर आधी चौदा नंबरच्या खोलीकडे धावू नये. ती सगळेच पाहतात. तेरादाची खोली बावीस नंबरची. आधी तिथे थांबावे.